आगकाडीचा तुकडा

शहाद्यात, दोंडाईचा रोडला,
पाटीवर अजून वडलांचंच नाव, सुपडू रेडिओज.
रेडिओ म्हणाल तर दुकानात एकही नाही.
मिक्सर, पंखे, भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर.
चैत्रात दुपारी शटर अर्धं ओढून बसतो,
तेव्हा गिऱ्हाइकाचे आधी पायच दिसतात.

हे पाय धुळीनं भरलेले, बुटांना सोनेरी लेस.
मागोमाग पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब.
मला वाटलं, फवारणीचा पंप.
"धुडकू मिस्तरी, हाई बोलस,
नि बोलता बोलता मरस."

दिलवर वसावे. मोलगीच्या वरच्या पाड्यावरचा,
बँडात गिटार वाजवतो.
त्यांच्याकडं नाच रात्री अकराला उभा राहतो
आणि पहाटे चारला लोक घरी जात नाहीत,
फक्त चहा पितात.

गिटार लाल. कडेला भोक, भोकात जॅक,
जॅकच्या फटीत आगकाडीचा तुकडा,
वर चिकटपट्टी, तिच्यावर चिकटपट्टी,
तीन लग्नसराया एकावर एक.

वायर खुपसली.
घूं. मग खरखर,
ओलं सरपण चुलीत घातल्यासारखी.
मग काहीच नाही.
"असं नही," म्हणाला. गिटार गळ्यात घेतली,
डावा खांदा पाडला, गुडघा मोडला,
कंबर अशी काढली की कडेवर पोर असावं,
आणि तार छेडली.
शटर थरथरलं. समोरचा रसवाला वाकून बघायला लागला.

उघडली. चार स्क्रूंपैकी तीनच.
नट ढिला. वायरीला हिसका बसला की जॅक गरकन फिरायचा,
आत पीळ चढत गेलेला, विहिरीच्या दोराला चढतो तसा.
तांब्याचा एक केस तेवढा उरलेला.
त्या एका केसावर या पोरांनी
तीन तालुके नाचवले.

पत्ती पक्कडीनं जरा आत दाबली असती
तर उद्याचं लग्न निघालं असतं. परवाचं नसतं.
सुरतेहून आणलेले दोन जॅक होते, जाड पत्तीचे.
एक काढला.

जुनी झाळ राखाडी, दाणेदार:
कथील वर बसलं होतं, आत शिरलंच नव्हतं.
वडील म्हणायचे, तांबं तापव, कथील आपोआप येतं.
मला ते तिसऱ्या चापटीला कळलं.
राळेचा धूर. आतली तार टोकाच्या पत्तीला,
जाळीची तार अंगाला,
उलट झालं तर रात्रभर नुसती घूं.
झाळीवर फुंकर मारायची नाही. थांबायचं.
दातेरी वायसर घातलं, नट आवळताना
आतून जॅक बोटानं धरला,
नाहीतर पहिला पीळ माझाच.

"आता सरळ उभा राहा."
शाळेच्या प्रार्थनेला राहतात तसा राहिला. वाजवली.
स्वच्छ. तारांवर हात ठेवला की घूं गप्प.
हलव वायर, म्हटलं. हलवली. ओढ. ओढली.
आवाज जागचा हलला नाही.

त्याचं तोंड मात्र उतरलं.
"मिस्तरी, लोक मना पाय देखतस."
मग हळूहळू सांगितलं.
तो झुकतो तसं आता समोरची सगळी रांग झुकते,
दोनशे माणसं, डावा खांदा खाली.
सुपारी द्यायला येणारे विचारतात, तो वाकडा येणार ना?
"थोडं ढिलं ठेवता यी का?"

इतक्या वर्षांत हे कुणी मागितलं नव्हतं.
मी म्हटलं, भाऊ, मी जॅक सरळ केला.
कंबर तुझी आहे, तिला मी कुठं झाळ दिली?

हसला नाही. दहा-दहाच्या नोटा मोजल्या,
ओवाळून टाकलेल्या, एकीला तांदळाचा दाणा चिकटलेला.
वीस मी परत केले.
जुना जॅक नको म्हणाला.
आगकाडीचा तुकडा टेबलावर शोधला,
सापडला, तो वरच्या खिशात ठेवला.

गिटार पोत्यात. शटर पुन्हा अर्धं.
खालून पाय दिसले रस्ता ओलांडताना,
सोनेरी लेस,
डावा गुडघा जरासा मोडत होता.